बल, परिबल आणि समतोल: लष्करातल्या मुलांनी वारंवार विचारलेले प्रश्न

ग्वाल्हेरात आमच्या लष्कर या भागातल्या मराठी घरांतली मुलं शिकतात हिंदीत किंवा इंग्रजीत, आणि अडतात मराठीत. अकरावीच्या मुलांना घरी भौतिकी शिकवताना हे मी वर्षानुवर्षं पाहिलं. वहीत सूत्र बरोबर लिहिलेलं असतं. मग पेन खाली ठेवून मूल विचारतं, "पण काकू, ते झुंबर तर हलत नाहीये, मग बल कशाला मोजायचं?" खरा प्रश्न तो असतो. असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

आधी शब्दांचं. हिंदी पुस्तकात ज्याला 'बल आघूर्ण' म्हणतात आणि इंग्रजीत 'टॉर्क' किंवा 'मोमेंट', त्याला मी 'परिबल' म्हणते. 'उत्तोलक' म्हणजे तरफ, 'आलंब' म्हणजे टेकू, 'गुरुत्व केंद्र' म्हणजे गुरुत्वमध्य, 'साम्यावस्था' म्हणजे समतोल. परीक्षेत तुमच्या पुस्तकातलाच शब्द लिहा.

बल आणि ताकद एकच ना?

बोलताना हो. शास्त्रात नाही. ताकद पैलवानाजवळ असते, तो झोपलेला असतानाही असते. बल असं कुणाजवळ साठवलेलं नसतं. ते दोन वस्तूंच्या मध्ये घडतं: एक ढकलते किंवा ओढते, दुसरी ढकलली किंवा ओढली जाते. म्हणून बल म्हटलं की चार गोष्टी विचारायच्या. कुणी लावलं? कुणावर लावलं? किती आणि कुठल्या दिशेला? आणि नेमकं कुठल्या जागी? पहिले तीन प्रश्न मुलं विचारतात, चौथा विसरतात. वस्तू वळेल, उलटेल की जागची राहील, हे ठरतं त्या चौथ्या प्रश्नावर.

माप न्यूटनमध्ये. शंभर ग्रॅमचा पेरू तळहातावर ठेवा. तो तळहाताला जवळपास १ न्यूटन बलाने दाबतो. १ किलो वस्तुमानाचं वजन ९.८ न्यूटन. खालच्या बऱ्याच हिशेबांत मी वजन सरळ किलोत घेतलं आहे, कारण ९.८ दोन्ही बाजूंनी सारखाच येतो आणि उडतो. उत्तरपत्रिकेत मात्र न्यूटन लिहा.

वस्तू हलत नसेल तर तिच्यावर बल नाहीच, बरोबर?

चूक, आणि सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. जयविलास महालाच्या दरबार हॉलमधली दोन झुंबरं आठवा. प्रत्येकाचं वस्तुमान साडेतीन टन सांगतात. म्हणजे पृथ्वी एकेका झुंबराला ३४,००० न्यूटनहून अधिक बलाने खाली ओढते आहे, या क्षणीही. तरी ते तिथेच आहे, कारण साखळी त्याला तितक्याच बलाने वर ओढते. बलं दोन आहेत, बेरीज शून्य आहे. बल शून्य असणं वेगळं आणि बलांची बेरीज शून्य असणं वेगळं. साखळीला विचारलं तर ती हा फरक नीट सांगेल.

इथे दुसरी एक गल्लत होते. झुंबराचं वजन आणि साखळीचा ताण ही 'क्रिया आणि प्रतिक्रिया' आहेत असं मुलं लिहितात. न्यूटनने १६८७ साली मांडलेल्या तिसऱ्या नियमातली जोडी नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर लागते. साखळी झुंबराला वर ओढते, झुंबर साखळीला खाली ओढतं: ही एक जोडी. पृथ्वी झुंबराला खाली ओढते, झुंबर पृथ्वीला वर ओढतं: ही दुसरी. वजन आणि ताण दोन्ही एकट्या झुंबरावरच लागतात, म्हणून ती जोडी नव्हे. ती सारखी आहेत ती झुंबर स्थिर आहे म्हणून. साखळी तुटली तर ताण जाईल, वजन राहील. खऱ्या जोडीतलं एक बल असं मागे उरत नाही.

झुंबरं टांगण्याआधी छतावर हत्ती चढवले होते म्हणतात. त्याने काय कळतं?

ही गोष्ट ग्वाल्हेरच्या प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. जयाजीराव शिंद्यांनी १८७४ साली हा महाल बांधून घेतला, आराखडा मायकेल फिलोज यांचा. छत झुंबरांचा भार पेलेल का, हे पाहायला वर हत्ती नेले असं सांगतात. कुणी आठ सांगतं, कुणी दहा.

आठ धरू. एक हत्ती तीन टनांचा धरला तर २४ टन. दोन झुंबरं मिळून ७ टन. म्हणजे प्रत्यक्ष भाराच्या जवळपास साडेतीनपट भार आधी घालून पाहिला. जितका भार येणार त्याच्या काही पट पेलण्याची तयारी ठेवणं, याला आज अभियंते सुरक्षा गुणक म्हणतात.

पण माझ्या मते या गोष्टीतला खरा प्रश्न हत्ती किती हा नाही. ते उभे कुठे होते, हा आहे. दोन टोकांना भिंतीवर टेकलेली एक सरळ तुळई घ्या. हत्ती मधोमध उभा राहिला तर तुळईला वाकवणारं परिबल सगळ्यात जास्त. तोच हत्ती भिंतीपासून तुळईच्या लांबीच्या एक दशांश अंतरावर सरकला, तर ते परिबल मधोमध असतानाच्या ३६ टक्के उरतं. हत्ती तोच, तुळई तीच. भिंतीला चिकटून हत्तींची रांग लावली तर भिंतीची परीक्षा होते, छताची फारशी होत नाही. घरी गच्चीवर पाण्याची टाकी ठेवतानाही हाच विचार करतात: खोलीच्या मध्यावर नको, खाली भिंत किंवा खांब असेल तिथे.

परिबल म्हणजे नेमकं काय?

वळवण्याचा जोर. त्याचं सूत्र:

परिबल = बल × टेकूपासून बलाच्या रेषेचं लंब अंतर

वाड्याचं जाड सागवानी दार घ्या. बिजागरीपासून ८० सेंटिमीटरवर १० न्यूटनने ढकललं तर परिबल ८ न्यूटन-मीटर. बिजागरीपासून १० सेंटिमीटरवर हात ठेवलात तर तेच दार उघडायला ८० न्यूटन लागतील. कडी दाराच्या मोकळ्या कडेला बसवतात ती म्हणूनच.

'लंब' या शब्दाकडे लक्ष द्या, मार्क तिथेच जातात. अंतर टेकूपासून हातापर्यंतचं मोजायचं नाही. बल ज्या रेषेत लागतं ती रेषा दोन्हीकडे वाढवायची आणि टेकूपासून तिच्यावर लंब टाकायचा. दाराच्या कडेला धरून दार बिजागरीच्या दिशेनेच ढकललं, तर हात ८० सेंटिमीटरवर असूनही ती रेषा बिजागरीतून जाते. लंब अंतर शून्य, परिबल शून्य. कितीही जोर लावा, दार हलणार नाही.

गाडीचा टायर बदलताना नट निघत नसेल तर मिस्त्री पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवतो. त्याचा जोर वाढत नाही, अंतर वाढतं.

न्यूटन-मीटर म्हणजे ज्यूलच की! मग परिबल ही ऊर्जा आहे का?

नाही. कामात बल आणि अंतर एका दिशेला असतात, परिबलात ती एकमेकांना काटकोनात असतात. एकक दिसायला सारखं असलं तरी परिबल ज्यूलमध्ये लिहू नये.

समतोलाच्या अटी दोन का? एक पुरत नाही का?

नाही पुरत. नळाची तोटी आठवा. अंगठा एका बाजूने ढकलतो, तर्जनी दुसऱ्या बाजूने उलट दिशेला तितकंच ढकलते. बलांची बेरीज शून्य, तरी तोटी फिरते. अशा जोडीला बलयुग्म म्हणतात. म्हणून हिशेब दोन ठेवायचे: बलांची बेरीज शून्य असेल तर वस्तू सरकायला लागणार नाही, परिबलांची बेरीज शून्य असेल तर ती वळायला लागणार नाही. दोन्ही जुळले की समतोल.

गणित सोडवताना टेकू कुठे मानायचा?

कुठेही. वस्तू खरोखर समतोलात असेल तर कुठल्याही बिंदूभोवती परिबलांची बेरीज शून्यच येते, त्या बिंदूत प्रत्यक्ष टेकू नसला तरी. मग आपल्या सोयीचा बिंदू घ्यावा. जे बल माहीत नाही आणि ज्याची गरजही नाही, ते जिथे लागतं तिथेच टेकू माना. त्याचं अंतर शून्य होतं आणि ते गणितातून निघून जातं.

उदाहरण: दोघेजण ३ मीटर लांब बांबूला ६० किलोचं ओझं टांगून नेत आहेत. ओझं पुढच्या माणसापासून १ मीटरवर आहे. बांबूचं वजन सोडून द्या. टेकू मागच्याच्या खांद्यावर माना: ६० × २ = पुढच्याचा भार × ३. पुढच्यावर ४० किलो, म्हणून मागच्यावर २०. आता उलट करून पाहा, टेकू पुढच्याच्या खांद्यावर: ६० × १ = मागच्याचा भार × ३, म्हणजे २०. जुळलं. असा ताळा केल्याशिवाय पुढच्या गणिताकडे जाऊ नये.

कपाट जिन्यावरून नेताना खालच्या माणसाचीच कंबर का मोडते?

घर बदलणाऱ्या प्रत्येक कुटुंबात हा वाद होतो, आणि खालच्या माणसाचं म्हणणं खरं असतं. दोघांनी आडव्या कपाटाची खालची कड धरली आहे. कपाटाचा गुरुत्वमध्य त्यांच्या हातांच्या रेषेपेक्षा वर आहे. सपाट जमिनीवर तो दोघांच्या बरोबर मध्ये येतो, भार निम्मा-निम्मा. जिन्यावर कपाट कललं की वर असलेला गुरुत्वमध्य खालच्या माणसाच्या बाजूला झुकतो. त्याचं आडवं अंतर कमी झालं, म्हणून वाटा वाढला. कपाट जितकं जाड आणि जिना जितका खडा, तितका फरक जास्त.

मघाचं बांबूला टांगलेलं ओझं जिन्यावर नेलं तर वाटे जवळपास तेच राहतात, कारण ओझं बांबूखाली लोंबतं आणि कपाटासारखं वरून खालच्याकडे झुकत नाही. जड वस्तू वर न्यायची तर खाली दणकट माणूस ठेवा आणि वरच्याने कपाटाची वरची कड धरावी. त्याने वाटणी बरीच सुधारते.

तांगेवाला "गाडी उलार हो रही है, आगे सरको" म्हणायचा. म्हणजे काय व्हायचं?

हा प्रश्न मुलांपेक्षा त्यांच्या आजोबांना जास्त आवडतो. स्टेशनावरून तांग्याने बाड्याला, म्हणजे महाराज बाडा चौकात, आलेल्या पिढीने परिबलाचा नियम अंगाने शिकलेला आहे.

तांग्याला चाकं दोन, म्हणजे सगळा तोल एका आसावर. पुढे दांड्या घोड्याच्या पाठीवर टेकलेल्या. मागे माणसं जास्त झाली की गाडी मागे उलाळते, दांड्या वर उचलल्या जातात आणि घोड्याच्या पोटाखालचा पट्टा त्याला वर ओढतो. घोड्याचे पाय जमिनीवर नीट दाबले गेले नाहीत तर तो ओढणार कसा?

आकडे घालून पाहू. ते मी सोपे जावेत म्हणून निवडले आहेत, आणि रिकाम्या गाडीचा स्वतःचा भार आसावरच आहे असं धरलं आहे. पुढे तांगेवाला आणि एक सवारी, प्रत्येकी ६० किलो, आसाच्या पुढे अर्ध्या मीटरवर. मागे दोन सवाऱ्या, प्रत्येकी ६५ किलो, आसाच्या मागे ०.६ मीटरवर. पुढचं परिबल १२० × ०.५ = ६०. मागचं १३० × ०.६ = ७८. मागचं १८ ने जास्त. घोड्याची पाठ आसापासून १.८ मीटर पुढे असेल तर तिथे १८ ÷ १.८ = १० किलोइतकं वरच्या दिशेचं ओढणं येतं.

आता एकटा तांगेवाला दांडीकडे ३० सेंटिमीटर पुढे सरकतो. त्याचं परिबल ६० × ०.८ = ४८, शेजारच्याचं ३०, एकूण ७८. गाडी तोलली. एकाही सवारीला न उतरवता त्याने घोड्याचं दुखणं मिटवलं. प्रत्यक्षात तो अजून थोडा पुढे बसायचा, कारण दांड्यांचा किंचित भार पाठीवर असलेला बरा. अगदी शून्यावर ठेवलं तर प्रत्येक खड्ड्यात दांड्या वर-खाली आपटतात. फार पुढे भार झाला तर घोड्याची पाठ सोलवटते. कुठे बसायचं हे तांगेवाल्याला बसल्या बसल्या समजायचं. हे ज्ञान मला फार मोठं वाटतं.

छोटी रेल्वे एवढ्याशा रुळांवर उलटायची कशी नाही?

ग्वाल्हेर ते श्योपूर जवळजवळ २०० किलोमीटरचा तो मार्ग २०२० मध्ये बंद झाला, ब्रॉडगेज करण्यासाठी. रुळांमधलं अंतर फक्त ६१० मिलिमीटर, दोन फूट. ब्रॉडगेजचं १,६७६.

नियम असा: वस्तूच्या गुरुत्वमध्यातून सरळ खाली टाकलेली रेषा तिच्या पायाच्या आत पडते तोवर ती परत जागेवर येते. रेषा पायाबाहेर गेली की वजनच तिला उलटवतं. गुरुत्वमध्य रुळांपासून १.२ मीटर उंच धरला, तर ६१० मिलिमीटरच्या पायावर डबा साधारण १४ अंश कलला की सीमा आली. तीच उंची ब्रॉडगेजवर धरली तर ही सीमा जवळपास ३५ अंशांवर जाते.

आता टपावर बसणाऱ्यांचं. त्या गाडीच्या टपावर माणसं बसायची, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. डबा ८ टनांचा आणि टपावर ५० किलोची ४० माणसं, म्हणजे २ टन, त्यांचा गुरुत्वमध्य २.९ मीटरवर, असं धरू. सगळ्यांचा मिळून गुरुत्वमध्य (८ × १.२ + २ × २.९) ÷ १० = १.५४ मीटर. सीमा १४ वरून ११ अंशांवर आली. वळणावर तर गाडी उभी असतानाचा हिशेबही अपुरा पडतो, कारण वेग डब्याला बाहेरच्या रुळावर कलंडवू पाहतो. गाडी हळू चालायची, म्हणून निभावलं. आकडे माझे आहेत, दिशा खरी आहे: पाया अरुंद असेल तर भार खाली ठेवावा, वेग कमी ठेवावा. तीन माणसं आणि मागे सिलिंडर घेऊन निघालेल्या स्कूटरलाही हेच लागू.

स्थिर, अस्थिर आणि उदासीन समतोल कसे लक्षात ठेवायचे?

लाडू वाटीत ठेवा: ढकलला तर परत तळाशी येतो, स्थिर. वाटी पालथी घालून वर लाडू ठेवा: जरा धक्का लागला की गेला, अस्थिर. ताटात ठेवा: ढकलाल तिथे थांबेल, उदासीन.

दौलतगंजातल्या जुन्या तराजूत खोट आहे का, हे कसं ओळखायचं?

पारडी अदलाबदल करून. रिकामा तराजू सरळ राहतो म्हणून तो खरा असं समजू नका. एक बाहू आखूड असेल तर त्या बाजूचं पारडं थोडं जड करून रिकामा तोल साधता येतो.

समजा बाहू ४ आणि ५ या प्रमाणात आहेत. १ किलोचं माप आखूड बाजूला आणि साखर लांब बाजूला टाकली, तर ८०० ग्रॅमलाच काटा सरळ होतो, कारण १००० × ४ = ८०० × ५. गिऱ्हाइकाचे २०० ग्रॅम गेले. आता अदलाबदल करा, माप लांब बाजूला: साखर १२५० ग्रॅम लागेल.

इथे मुलं एक गंमत शोधतात. दुकानदार म्हणाला, "अर्धं एका पारड्यात तोलतो, अर्धं दुसऱ्यात, म्हणजे हिशेब सारखा," तर? ८०० आणि १२५० मिळून २०५० ग्रॅम. दोन किलोच्या पैशांत गिऱ्हाइकाला ५० ग्रॅम जास्त. दुकानदाराचं नुकसान होतं, आणि बाहू सारखे नसतील तोवर प्रमाण कुठलंही असलं तरी त्याचंच होतं. अशा तराजूवर एखाद्या वस्तूचं खरं वजन काढायचं तर ती दोन्ही पारड्यांत तोलायची आणि आलेल्या दोन आकड्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ घ्यायचं: ८०० × १२५० = १०,००,०००, वर्गमूळ १०००. सरासरी घेतलीत तर १०२५ येईल आणि चुकेल.

सराफाचा काटा इतका नाजूक का, हेही इथेच पाहा. दांडीचा गुरुत्वमध्य टेकूच्या किंचित खाली असतो, म्हणून ती डोलून परत सरळ होते. तो जितका टेकूजवळ, तितका काटा थोड्या फरकालाही जास्त झुकतो, आणि थांबायलाही तितकाच वेळ लावतो. गुंजेचा फरक दाखवणारा काटा धान्याच्या दुकानात ठेवला तर दिवसभर डोलतच राहील.

शिडीवर वर चढलं की खालून का निसटते? आधी तर घट्ट होती.

दिवाळीच्या पुताईच्या (रंगसफेदीच्या) आधी हे उत्तर घरातल्या सगळ्यांनी वाचावं.

भिंत गुळगुळीत आहे आणि शिडी हलकी आहे असं धरा. तुम्ही जितके वर चढता, तितकं तुमचं वजन शिडीच्या पायाभोवती जास्त परिबल निर्माण करतं. ते तोलायला भिंतीला शिडीवर जास्त आडवं बल लावावं लागतं. आणि ते आडवं बल तोलायला जमिनीपाशी एकच गोष्ट आहे: घर्षण. घर्षणाला मर्यादा आहे, तुमच्या वजनाच्या काही अंशापर्यंत. चढण्याने वजन तेच राहतं, मागणी वाढत जाते.

शिडी जमिनीशी ६० अंश करून ठेवली, तर अगदी वरच्या पायरीला वजनाच्या ५८ टक्के घर्षण लागतं. फरशी ४० टक्केच देऊ शकत असेल तर शिडीच्या लांबीच्या ६९ टक्क्यांपर्यंत पोचलात की ती सुटली. खालच्या पायऱ्यांवर तिने काहीच इशारा दिलेला नसतो, म्हणून माणूस गाफील राहतो. तीच शिडी ७५ अंशांवर उभी केली तर वरपर्यंत २७ टक्के पुरतात. म्हणून चार हात उंचीला शिडीचा पाया भिंतीपासून एक हात लांब, हा बेत ठेवा.

खाली दुसऱ्या माणसाने नुसती शिडी धरण्यापेक्षा सगळ्यात खालच्या पायरीवर उभं राहावं. त्याचं वजन जमिनीवरचा दाब वाढवतं, घर्षणाची मर्यादा वाढते, आणि तो पायाशीच असल्यामुळे परिबलात जवळपास काहीच भर पडत नाही.

जुन्या घरांचे दगडी छज्जे खांबाशिवाय कसे टिकले?

भिंतीच्या वजनावर. पट्टीचा एक भाग बाहेर असतो, दुसरा भिंतीत खोवलेला, आणि त्यावर वरची सगळी भिंत बसलेली. टेकू म्हणजे भिंतीची बाहेरची कड.

पट्टी दर मीटरला १५० किलो धरू. ६० सेंटिमीटर बाहेर, ४० आत. बाहेरचं परिबल ९० × ०.३ = २७. आतल्या भागाचं ६० × ०.२ = १२. त्यात ७० किलोचा माणूस कडेला, ०.५ मीटरवर: ३५. तोलायचे राहिले २७ + ३५ − १२ = ५०. वरची भिंत आतल्या भागाच्या मध्यावर, ०.२ मीटरवर दाबते असं धरलं तर तिचं वजन किमान २५० किलो हवं. हा नुसता काठावरचा हिशेब. प्रत्यक्षात कितीतरी जास्त हवं.

आता कळकळीने सांगते. घर दुरुस्त करताना "वरची भिंत उतरवून खिडकी मोठी करू" असं म्हणणारे ठेकेदार भेटतात. छज्ज्याच्या वरची भिंत उतरवली की छज्ज्याला धरून ठेवणारं परिबल गेलं. आमच्याच घराचं काम चालू असताना एक छज्जा असा खाली आला. खाली त्या वेळी कुणी नव्हतं. भिंतीला हात लावण्याआधी छज्ज्याखाली लाकडी बल्ल्यांचा टेका द्या, आणि जाणत्या अभियंत्याला दाखवा.

मेळ्यातला मोठा पाळणा एकसारखा फिरतो. तो समतोलात आहे का?

माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केलेल्या आपल्या व्यापार मेळ्यात हा प्रश्न उभ्या उभ्या सोडवता येतो. उत्तर दोन आहेत. पूर्ण चाक घेतलं तर ते जागचं सरकत नाही आणि त्याचा फिरण्याचा वेग बदलत नाही: मोटारीचं परिबल आणि घर्षणाचं परिबल सारखं. चाक समतोलात आहे. पण त्यात बसलेली तुम्ही समतोलात नाही. तुमची दिशा क्षणोक्षणी बदलते आहे, म्हणजे तुमच्यावर केंद्राकडे निव्वळ बल आहे. वर असताना अंग हलकं आणि तळाशी असताना जड वाटतं ते त्यामुळे. म्हणून सुरुवातीलाच ठरवायचं: मी हिशेब कुणाचा मांडते आहे?

बाजाराची पिशवी अंगाजवळ धरली की हलकी का वाटते?

शेजारच्या आजींचा प्रश्न. कोपर हा टेकू, पिशवी त्याच्यापासून ३५ सेंटिमीटरवर, आणि तिला तोलणारा दंडाचा स्नायू कोपरापासून साधारण ५ सेंटिमीटरवर जोडलेला. हात काटकोनात धरून ५ किलो उचलले तर स्नायूला सातपट, ३५ किलोइतकं ओढावं लागतं. हात सरळ खाली सोडून पिशवी धरली तर तिची रेषा कोपराच्या अगदी जवळून जाते आणि परिबल जवळपास संपतं. वाकून बादली उचलताना कमरेच्या स्नायूंवर हाच प्रसंग येतो, आणि तिथे तर अर्धं धड लांब टोकाला असतं. गुडघे वाकवा, बादली पायांजवळ आणा, मग उचला.

परीक्षेत मार्क कुठे जातात?

चित्रात. ज्या वस्तूचा हिशेब करायचा ती एकटी काढा, भोवतालचं सगळं पुसून टाका, आणि तिच्यावर लागणारी बलंच दाखवा. तिने दुसऱ्यांवर लावलेली नाहीत. वस्तूचं स्वतःचं वजन गुरुत्वमध्यातून काढा. 'एकसमान दांडा' असं लिहिलेलं असेल तर तो मध्यावर. सेंटिमीटर आणि मीटर मिसळू नका. घड्याळाच्या दिशेचं धन की ऋण हे पहिल्या ओळीत लिहा आणि शेवटपर्यंत बदलू नका.

घरी करून पाहण्यासारखा एक प्रयोग सांगा.

लांब दांड्याचा झाडू घ्या. दोन्ही तर्जन्या पसरून त्यावर आडवा ठेवा, एक बोट दांड्याच्या टोकाला, एक केरसुणीच्या बाजूला. आता डोळे मिटून बोटं हळूहळू एकमेकांकडे आणा. दोन्ही बोटं एकदम सरकणार नाहीत. एक सरकेल, थांबेल, मग दुसरं सरकेल. शेवटी दोन्ही नेमकी गुरुत्वमध्याखाली भेटतील आणि झाडू पडणार नाही. जे बोट गुरुत्वमध्याच्या जवळ, त्यावर भार जास्त, म्हणून घर्षण जास्त, म्हणून ते अडतं आणि लांबचं बोट सरकतं. दर वेळी असंच.

त्या जागी खडूने खूण करा. मग घरातल्या सगळ्यांना विचारा: इथे झाडू कापला तर दोन्ही तुकडे सारख्या वजनाचे होतील का? बहुतेक जण हो म्हणतील. जुना झाडू असेल तर कापा आणि तोला. केरसुणीचा आखूड तुकडा जड भरेल. खुणेच्या दोन्ही बाजूंना परिबलं सारखी होती, वजनं नव्हे.